घराबाहेरचे जेवण : खानावळी, उपाहारगृहे आणि आपली मते

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत आजवर ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे, कुलदैवतांची माहिती, आडनावांच्या व्युत्पत्ती आणि मूळ गावांचे वृत्तांत विपुल प्रसिद्ध झाले आहेत. ते आवश्यक होते यात संशय नाही. परंतु ज्या विषयावर आपली मंडळी लग्नकार्यात, वार्षिक मेळाव्यात, किंबहुना सुतकाच्या बैठकीतही सर्वांत अधिक हिरिरीने बोलतात, तो विषय मात्र या पानांच्या वाट्यास कधी आला नाही. तो विषय म्हणजे घराबाहेरचे खाणे. अमक्याकडची मिसळ पूर्वीसारखी राहिली नाही, तमक्याने शेंगदाण्याचे तेल सोडून पामतेल धरले, वाढपी दुसऱ्यांदा भात विचारीत नाही, नवीन उपाहारगृहात बसायला जागा उत्तम पण वरणाला चव नाही, अशी मते प्रत्येकाजवळ तयार असतात. ही मते केवळ जिभेची नाहीत. त्यांच्या मागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपण सर्व, म्हणजे आपली ज्ञातही, निरनिराळ्या बाजूंनी उभे राहिलेलो आहोत.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, शिजविलेले अन्न विकणे ही कल्पनाच आपल्या पूर्वजांस असह्य वाटे. अन्न द्यावे, विकू नये, असा जुना दंडक होता. धान्य विकणारा वाणी प्रतिष्ठित. त्याच धान्याचा भात करून विकणारा मात्र हलका. प्रवासास निघालेला गृहस्थ शिधा बरोबर घेई, धर्मशाळेत तीन दगडांची चूल मांडी आणि स्वहस्ते पिठले-भात करून घेई. नाही तर पंक्तीस चालेल अशा एखाद्या ओळखीच्या घरी उतरे. वाटेत खाण्याकरिता दशम्या असत. दशमीचे पीठ दुधात भिजविलेले, तेव्हा पाण्यात मळलेल्या भाकरीइतका विटाळ तिला लागत नाही, अशी समजूत होती. विद्यार्थी गरीब असला तर माधुकरी मागे किंवा वार लावून जेवी. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरी.

या वारांचे आपल्याकडे पुष्कळ कौतुक झाले आहे आणि ज्या घरांनी वार दिले त्यांचे ऋण मोठेच आहे. तथापि त्या पानावर बसणाऱ्या मुलाच्या बाजूनेही एकदा पाहावयास हवे. त्यास भूक होती, पण मत नव्हते. आमटी खारट झाली असे तो म्हणू शकत नव्हता, भात आणखी हवा असे म्हणण्याचाही संकोच. पदरचे चार पैसे मोजून जेवणाऱ्यालाच प्रथम तोंड उघडून "आज भाजी करपली" असे म्हणण्याची मोकळीक मिळाली. खानावळीला हलके लेखणाऱ्यांनी हा तिचा गुण कधी ध्यानात घेतला नाही.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि हा सारा बंदोबस्त ढासळू लागला. आगगाडीत शेजारी कोण बसावा हे आपल्या हाती राहिले नाही. स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी स्वतंत्र व्यवस्था झाली व ती स्वातंत्र्याच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. पाण्याची जेथे ही कथा, तेथे शिजविलेल्या अन्नाची काय असेल याची कल्पना करावी.

त्या काळी सर्वांत अधिक भय कशाचे होते, तर पावाचे. आज सकाळी पाववाल्याची सायकल दारावरून गेली नाही तर आपण अस्वस्थ होतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पाव खाणे म्हणजे धर्म सोडल्याची खूण मानीत. पाव भाजणारा ख्रिस्ती किंवा मुसलमान, आणि पीठ आंबविलेले. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग प्रभृती मंडळींनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडावा हा तिचा हेतू. पण सभा गुप्त. नव्या सभासदास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. म्हणजे ज्या गोष्टीस आज आपण न्याहारी म्हणतो, ती तेव्हा प्रतिज्ञा होती. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विसकटली. विद्वान व धीट माणसेसुद्धा पावाचा तुकडा उघड्यावर खाण्यास कचरली, यावरून पंक्तिव्यवहाराची जरब केवढी होती हे समजते. बहिष्कार म्हणजे नुसता अबोला नव्हे. मुलीचे लग्न अडे, घरी श्राद्धाला ब्राह्मण मिळेना, मृताला खांदा द्यावयास माणसे येईनात.

पुण्याच्या पंचहौद मिशनातील चहाचे प्रकरण सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातील नामांकित मंडळी त्या मिशनात जमली, तेथे चहा-बिस्किटे दिली गेली, आणि मागाहून 'पुणे वैभव' पत्रात उपस्थितांची नावे छापून आली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य माजले. टिळकांनी काशीत घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढे केला आणि १८९२ साली रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले, ज्याबद्दल सुधारकांनी त्यांस पुष्कळ बोल लाविला. एका पेल्याने अवघे शहर दोन वर्षे घुसळून निघाले. हेच टिळक पुढे मुंबईस आले म्हणजे सरदारगृहात, म्हणजे एका निवास-भोजनगृहात उतरत आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. मधल्या तीस वर्षांत काय बदलले हे सांगण्यास याहून बोलका दाखला मला आठवत नाही. कोणी शास्त्रार्थ जिंकून हा बदल झाला नाही. शहरे वाढली, माणसे एकटी राहू लागली, आणि एकट्या माणसास दोन वेळा जेवावे लागते.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्यांची संख्या वाढत गेली तशी रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून तरुण माणसे परळ, लालबाग, शिवडीकडे लोटली. बायकामुले गावी, आणि एका खोलीत पाळ्या लावून झोपणारे दहा-पंधरा गडी. यांच्या पोटाची सोय कोणी केली? सरकारने नाही, मालकांनीही नाही. ती केली खानावळवाल्या बायकांनी. कोणाचा नवरा गिरणीत हात गमावून बसलेला, कोणी विधवा, कोणी टाकलेली. दहा फुटांच्या खोलीत एक चूल, आणि तीवर वीस-पंचवीस माणसांची भाकरी, आमटी, सुकट नाही तर बोंबील, रविवारी जमल्यास मटण. महिन्याच्या पगारावर हिशेब, तोवर वाण्याची उधारी, उधारीवर सावकाराचे व्याज. पहाटेच्या पाळीचा डबा तीन-चार वाजता तयार हवा, रात्रपाळीचा वेगळा. या बायकांचा दिवस कधी संपत असे हे मला सांगता येणार नाही.

गिरगाव, दादर आणि पुण्याच्या पेठांतील खानावळी जराशा निराळ्या. त्या कारकुनांच्या, विद्यार्थ्यांच्या, बिऱ्हाड न मिळालेल्या शिक्षकांच्या. येथे पाट, ताट, वाटी, वरण-भात, पोळी, एक पालेभाजी, एक फळभाजी, चटणी-कोशिंबीर आणि शेवटी ताक. 'मेंबर' हा इंग्रजी शब्द आपल्याकडे विधिमंडळापेक्षाही खानावळीने अधिक घरोघर नेला असेल! मेंबराने आगाऊ सांगितले तर 'खाडा' धरावा, म्हणजे त्या वेळचे पैसे वजा करावेत. न सांगितल्यास धरू नये. रविवारी दुपारी गोडधोड, म्हणून संध्याकाळी चूल बंद. पाहुणा आणल्यास त्याचे वेगळे पैसे. हे नियम भिंतीवर लिहिलेले असत, आणि खाड्यावरून जितके वाद झाले तितके राजकारणावरूनही झाले नसतील. पुण्याच्या बादशाही बोर्डिंगचे नाव या परंपरेत आजही सर्वांच्या तोंडी आहे. मासळी खाणाऱ्या ज्ञातींच्या खानावळी वेगळ्या, शाकाहारी वेगळ्या. देशावरच्या तिखटाला सोसणारे एकीकडे आणि नारळाच्या रसावाचून घास न उतरणारे दुसरीकडे. पुष्कळदा खानावळीच्या पाटीवरच जात लिहिलेली असे.

या पाट्यांविषयी अलीकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, ती केवळ चवीची सोय होती. कोणी म्हणतात, ते निखळ सोवळे होते. मला दोन्ही अपुरी वाटतात. परक्या शहरात आपल्या गावच्या चवीचे कालवण मिळणे ही मोठी माया आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच पाटीमुळे किती माणसे दारातून परत गेली, हे त्या पाटीखाली सुखाने जेवणाऱ्यास ठाऊक नसते.

जे खानावळीतही जेवू इच्छीत नव्हते, त्यांच्याकरिता डबा निघाला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मावळातील माणसे घेऊन कचेऱ्यांतून घरचे जेवण पोचविण्याचा जो धंदा सुरू केला, त्याचे आज जगभर कौतुक होते, त्यावर व्यवस्थापनशास्त्राची व्याख्याने होतात. ती योग्यच आहेत. परंतु मूळ प्रश्न वेळापत्रकाचा नव्हता, हातचा होता. कोणाच्या हातचे खावे, या एका प्रश्नाने या शहरात हजारो माणसांस रोजगार दिला.

याच सुमारास नाक्यानाक्यांवर इराण्यांची दुकाने उभी राहिली. नाक्याची, दोन रस्त्यांस तोंड असलेली जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून सोडीत आणि ती इराण्यांस स्वस्तात मिळे, असे सांगतात. कारण काही असो, संगमरवरी मेज, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, ब्रून-मस्का आणि कडक चहा ही मांडणी मुंबईच्या अंगवळणी पडली. इराण्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने कोणाची जात विचारली नाही. तो जात मानीत नव्हता म्हणा, किंवा त्यास ती कळत नव्हती म्हणा. परिणाम एकच झाला. सनातनी गृहस्थ इराण्याकडे जात नसत, निदान पुढच्या दाराने जात नसत. पुष्कळ दुकानांतून लाकडी आडोशाची, पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. तीत आपल्या आज्या-पणज्यांनी नवऱ्याबरोबर बसून पहिला बाहेरचा चहा घेतला असेल आणि घरी येऊन कोणास सांगितले नसेल. तो आडोसा आज हास्यास्पद वाटतो. पण बाईमाणसाने हॉटेलात जाणे हेच जेव्हा अब्रूवर येई, तेव्हा त्या पडद्याने तिला आत येण्याची वाट करून दिली हेही खरे.

आता जिनसांकडे वळू, कारण मते खरी रंगतात ती तेथे. मराठी उपाहारगृहांनी आरंभापासून एक शब्द फार जपला, तो म्हणजे 'स्वच्छ'. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० पासूनचे. त्याच्या नावातच 'स्वच्छ उपाहारगृह' असे शब्द. इंग्रज आमदानीत हॉटेल म्हटले की मद्य, मांस व अनाचार डोळ्यांपुढे येई, त्यास उत्तर म्हणून हा शब्द पुढे आला असावा. पण त्या एका शब्दात दोन अर्थ नांदत होते. मोरी धुतलेली, भांडी लख्ख, हा एक. आणि करणारा-वाढणारा 'आपल्यातला', हा दुसरा, न बोललेला. पहिला अर्थ आरोग्याचा, दुसरा सोवळ्याचा. काळाच्या ओघात दुसरा गळत गेला आणि पहिला उरला, ही इष्ट गोष्ट झाली. कित्येकांच्या बोलण्यात मात्र अजूनही दोन्ही एकत्रच येतात. "तिथे स्वच्छता नाही हो" असे कोणी म्हणाले म्हणजे नक्की काय म्हणाले, हे नीट ऐकावे लागते.

तुपाचा प्रश्न तर अर्धशतक गाजला. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि 'हे साजूक की वनस्पती?' ही शंका प्रत्येक पुरणपोळीवर बसली. स्वातंत्र्याच्या आगेमागे वनस्पती तुपास रंग द्यावा म्हणजे भेसळ ओळखता येईल, त्यावर बंदीच घालावी, असे वाद झडले. गांधीजींसही हे कृत्रिम तूप मान्य नव्हते. बंदी आली नाही. उपाहारगृहांच्या कढईत वनस्पती गेले आणि 'शुद्ध तुपातील' ही पाटी खास दर आकारणाऱ्यांची झाली. पुढे डालड्यावर वाढलेली पिढीच पामतेलास नावे ठेवू लागली, आणि आज घाण्याच्या तेलाचे पुन्हा दिवस आले आहेत. प्रत्येक पिढीस आपल्या लहानपणीचे तेल शुद्ध वाटते!

महायुद्धाच्या काळात १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. घरोघरी शिधापत्रिका आल्या. तांदूळ मोजून आला तेव्हा खानावळीतील 'भात लागेल तितका' ही रीत अडचणीत आली. 'राईस प्लेट' नावाचे मोजके ताट आपल्याकडे रुळले त्यामागे काटकसरीच्या या वर्षांचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे. भेसळीस आळा घालणारा कायदा १९५४ चा. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. कायदा झाल्याने हळदीतील रंग आणि दुधातील पाणी नाहीसे झाले नाही. परंतु गिऱ्हाइकाच्या शंकेस प्रथमच तक्रारीचे रूप मिळाले, आणि तक्रार ऐकणारे खाते निर्माण झाले.

येथपर्यंतचा इतिहास सांगण्यास गोड आहे. यापुढचा भाग ज्ञातीच्या स्मरणिकेत लिहिण्यास अवघड, पण तो वगळला तर लेख खोटा होईल.

ज्यांस अस्पृश्य मानले गेले, त्यांच्या बाबतीत 'कोणाच्या हातचे खावे' हा प्रश्नच नव्हता. त्यांस आत घ्यावयाचेच नव्हते. गावोगावच्या चहाच्या दुकानांत त्यांच्या कपबशा निराळ्या, कान तुटलेल्या, बाहेर वळचणीला ठेवलेल्या असत. चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळून ठेवायचा, आणि पैसे मात्र तेच, त्याच गल्ल्यात. पैशास विटाळ नसे.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी या प्रश्नास जे उत्तर दिले ते महाराष्ट्राच्या उपाहारगृहांच्या इतिहासात अग्रभागी लिहिले पाहिजे. गंगाराम कांबळे हे सरकारी पागेतील नोकर. पागेतील हौदाला शिवल्याच्या आरोपावरून त्यांस मार बसला. महाराजांनी त्यांस पाठबळ देऊन शहरात भर रस्त्यावर चहाचे दुकान काढावयास लाविले. 'सत्यसुधारक' हे त्याचे नाव. गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडीतून तेथे येऊन थांबत, चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांस व कामगिरीवर आलेल्या मंडळींसही पाजीत. छत्रपतींसमोर कप नाकारण्याची कोणाची छाती होणार? १८९० साली एका चहाने पुणे ढवळले होते. तीसेक वर्षांच्या आतच दुसऱ्या चहाने अनेकांस मुकाट्याने शहाणे केले. हा फरक मोठा आहे.

महाराजांच्याच उत्तेजनाने कोल्हापुरात ज्ञातिवार वसतिगृहे निघाली. आपल्यासारख्या अनेक मंडळांच्या वसतिगृहांची प्रेरणा त्यांत आहे. मागे राहिलेल्या मुलास राहण्या-जेवण्याची सोय झाली, तो शिकला, हे त्यांचे यश. पण भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसली, एकत्र स्वयंपाक करू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव मिळाले. रत्नागिरीस १९३३ साली सावरकरांनी अस्पृश्यांसह सर्व हिंदूंकरिता अखिल हिंदू उपाहारगृह काढले. हे प्रयत्न झाले तेव्हा ज्ञातिसंस्थांनी त्यांचे स्वागत केले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पंक्तिव्यवहार कोणाशी ठेवावा व कोणाशी तोडावा हे ठरविणे, हाच त्या काळी पुष्कळ ज्ञातिसभांचा मुख्य उद्योग होता, आणि आपले पूर्वज त्यास अपवाद होते असे समजण्यास मला आधार दिसत नाही.

शेवटी हे काम राज्यघटनेने केले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही अटकाव करता येणार नाही, असे स्पष्ट शब्द आहेत. सतराव्याने अस्पृश्यताच नष्ट केली. त्यास शिक्षेची जोड देणारा कायदा १९५५ साली झाला. ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते, तिच्या हातून देशाच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचे नाव यावे, यात नवल ते काय? बाकावर शेजारी बसून घेतलेल्या चहाचे मोल त्यांस आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

सेवेच्या बाबतीत दक्षिणेतून आलेल्या उडुपी मंडळींनी आपल्यास नवी सवय लाविली. माटुंग्यास रामा नायक यांनी १९४२ मध्ये श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. केळीच्या पानावरचे साधे, गरम, भरपूर जेवण, आणि आचारी काय करतो हे कोणीही पाहावे असा मोकळेपणा. पुढे इडली-डोसा महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गेला. मेजावर बसता क्षणी पाणी, पाचव्या मिनिटास बशी, दहाव्यास बिल, हा वेग मराठी खानावळीस ठाऊक नव्हता. आमच्याकडे मालक गिऱ्हाइकास थोडे उपकृत करूनच वाढीत असे, आणि पुण्यात तर तो गुण मानला गेला. थट्टा पुरे. परंतु त्या वेगाचा भार कोणाच्या खांद्यावर होता, हेही पाहावे. फडके मारणारा पोऱ्या आणि पाणी ठेवणारा पोऱ्या दहा-बारा वर्षांचा असे. गावाहून कोणा नातलगाबरोबर आलेला, हॉटेलातच झोपणारा. त्यांतील कित्येक मुंबईच्या रात्रशाळांत शिकले आणि नावारूपास आले, हे त्यांचे भूषण. कोवळ्या मुलांस हॉटेल-धाब्यांत राबविण्यावर मात्र बंदी आली ती २००६ सालच्या ऑक्टोबरात. इतकी वर्षे आपण त्यांच्या हातचे पाणी प्यालो, आणि "पोऱ्या, टेबल पूस" असे म्हणताना त्याचे वय आपल्या डोळ्यांस दिसले नाही.

१९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटेवडा पावात घालून विकण्यास आरंभ केला असे मानले जाते. परमहंस सभेच्या सभासदाने दार बंद करून खाल्लेला तो पाव, शंभर-सव्वाशे वर्षांत मराठी माणसाच्या हातात उघड्या रस्त्यावर आला. वडापावास कोणी जात विचारली नाही, कारण तो उभ्याने खावयाचा असतो. त्यास पंगतच नाही.

गिरणगावच्या बायकांची कथा मात्र तशी सुखान्त नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खानावळवाल्यांस संघटित केले, बँकांची दारे त्यांस उघडून दिली, सावकाराच्या पाशातून अनेकींस सोडविले. पण १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि जेवणारेच बेकार झाले. पगार नाही तेथे महिन्याचा हिशेब कोठून चुकता होणार? गडी गावी परतले, वह्यांतील येणे वह्यांतच राहिले. संपाच्या इतिहासात मालक आहेत, पुढारी आहेत, कामगार आहेत. ज्यांनी उधारीवर कित्येक महिने भाकरी घातली त्या बायका क्वचितच आढळतात.

१९९५ नंतर राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली, २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. ज्या समाजास अन्न विकणे पाप वाटे, त्याच्या सरकारनेच दर ठरवून ताट विकावे, हा काळाचा महिमा. आणि दुसऱ्या टोकास पाहावे तर वातानुकूलित उपाहारगृहाच्या बिलात आपोआप लावलेल्या सेवाशुल्कावरून तक्रारी इतक्या वाढल्या की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास जुलै २०२२ मध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. वाढप्यास बक्षीस द्यावे की नाही हे जेवणाऱ्याच्या मनावर राहिले, हे मला योग्य वाटते. मात्र बिल पाहून त्रागा करणाऱ्यांनी वाढप्याचा पगार किती, हेही कधी विचारावे.

आपल्या वार्षिक संमेलनात पंगत जाऊन उभ्याचे जेवण आले, त्यावर वडील मंडळींची नाराजी आहे हे मी जाणतो. आग्रह गेला, वाढण्यातील जिव्हाळा गेला, ही खंत खरी आहे. परंतु पंगतीत कोण कोठे बसणार, आचारी कोणता, पाणी कोणी वाढायचे, यावरून जुन्या सभांत जे रुसवेफुगवे होत ते आठवणाऱ्यांनी या नव्या पद्धतीस फार दोष देऊ नये. आज संमेलनाच्या स्वयंपाकघरात कोण राबतो, याची चौकशी कोणी करीत नाही. आणि जेवणही, माझ्या मते, पूर्वीपेक्षा बरे असते. जिलेबी सोडून.

एक काम मात्र राहिले आहे. आपल्या ज्ञातीतीलही कित्येक स्त्रियांनी वैधव्यात किंवा अडचणीच्या काळात खानावळी चालविल्या, त्यावर मुले शिकविली. त्यांतील काही मुलांची छायाचित्रे याच स्मरणिकेच्या जुन्या अंकांत डॉक्टर, अभियंता, न्यायाधीश म्हणून छापलेली आहेत. त्या चरित्रलेखांत "मातोश्रींनी अत्यंत हलाखीत वाढविले" एवढेच वाक्य असते. हलाखीत म्हणजे काय करून, हे लिहिलेले नसते, कारण अन्न विकणे हलके ही जुनी समजूत तेवढ्यापुरती अजून शिल्लक आहे. ज्या सभासद कुटुंबांकडे आजीच्या किंवा पणजीच्या खानावळीच्या वह्या, मेंबरांच्या याद्या, खाड्यांचे हिशेब, वाण्याच्या पावत्या किंवा नियमांची पाटी असेल, त्यांनी त्यांची प्रत मंडळाच्या कार्यवाहांकडे द्यावी. वही नसेल तर आठवण लिहून द्यावी : खानावळ कोणत्या चाळीत होती, किती माणसे जेवीत, महिन्यास किती पैसे घेत, सणाला काय करीत, आणि त्या बाईंचे नाव काय. नाव माहेरचे व सासरचे दोन्ही लिहावे.